उल्का आणि शेतकऱ्याची साक्ष

ता. २ एप्रिल २०२२ रोजीं, ऐन पाडव्याच्या दिवशीं रात्रीं, विदर्भांतील लोकांनीं आकाशांतून जळत जाणारा तेजस्वी लोळ पाहिला. पुष्कळांस ती उल्काच वाटली. पण चंद्रपूर जिल्ह्यांतील लाडबोरी गांवीं सुमारें दहा फूट व्यासाचें धातूचें कडें पडलेलें सांपडलें, आणि तो लोळ म्हणजे उपग्रह उडविणाऱ्या अग्निबाणाचा अवशेष, असें जाणत्यांनीं सांगितलें. हा पुरावा पुढें आला तो गांवकऱ्यांमुळें.

खेडुताच्या साक्षीस नेहमींच असा मान मिळाला नाहीं. इ. स. १७६८ सालीं फ्रान्स देशांत लुसे येथें शेतांत राबणाऱ्या लोकांनीं आकाशांतून दगड पडतांना पाहिला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या पंडितांनीं तो तपासला. त्यांत लाव्हाझियेसारखा नामांकित रसायनशास्त्रज्ञ होता. निकाल काय दिला? तर दगड जमिनीचाच, त्यावर वीज पडली असावी! पुढें २६ एप्रिल १८०३ रोजीं त्याच देशांत लेग्ल गांवच्या परिसरांत हजारों दगड पडले. चौकशीस बिओ नांवाचा तरुण शास्त्रज्ञ गेला. तो गांवोगांव हिंडला, लहानथोरांच्या जबान्या घेतल्या, दगड पाहिले, आणि लोक सांगतात तेंच खरें, असें त्यानें लिहून दिलें. मग पंडितांसही तें मानावें लागलें.

उल्का म्हणजे अवकाशांतला खडा. तो सेकंदास ११ ते ७२ किलोमीटर वेगानें हवेंत शिरतो, पुढची हवा दबून तापते आणि खडा जळून उजेड पडतो. त्यास ना कोणाची जात ठाऊक, ना रास. मग त्याच्या नांवानें शांत करून दक्षिणा कां मोजावी?

आमचें शेतकरी व कारागीर बंधुभगिनींस सांगणें एवढेंच कीं, खळ्यावर किंवा अंगणांत असतां असा लोळ दिसला तर भिऊं नका. वेळ, दिशा, किती सेकंद दिसला, किती वेळानें आवाज आला, हें लिहून ठेवा. लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून लिहवून घ्या. उल्का बहुधा कांहीं सेकंदांत विझते; अग्निबाणाचे तुकडे सावकाश, पुष्कळ वेळ जळत जातात. चार गांवांच्या नोंदी जुळल्या कीं लोळाचा मार्ग काढतां येतो.

त्या काळीं पंडितांनीं शेतकऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाहीं. आज आपणच आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें सोडून पंचांगवाल्याच्या दारीं गेलों, तर दोष कोणाचा?