ट्रकमध्ये चढण्याआधी पाय बघा

दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, पाटोद्याच्या वस्त्यांवर ऊसतोडीला जायला ट्रक-ट्रॅक्टर लागतात. भांडी, दळण, लेकरं, सगळं चढतं. त्या गडबडीत एक काम आजच उरका. घरात रोज दारू घेणारा असेल तर त्याचे पाय उजेडात बघा.

नडगीवर, घोट्याभोवती मोहरीएवढे लालजांभळे ठिपके दिसले, तर ज्या काचेच्या ग्लासात तो पितो तोच धुऊन ठिपक्यांवर दाबा. दाबूनही लाली जात नसेल, तर रक्त बारीक वाहिन्यांतून बाहेर झिरपलंय. असे ठिपके दारूनेच येतात असं नाही. गोळ्यांनी, जंतूंनी, प्लेटलेट कमी झाल्यानेही येतात. कशाने आले ते डॉक्टरच सांगतील, म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत ताप किंवा लाल लघवी असेल तर १०८ ला फोन लावा.

दारू मात्र पायांचं आणखी वेगळं नुकसान करते. रोजच्या पिण्याने आतड्याचं अस्तर ढिलं पडतं, जंतूंचं विष रक्तात उतरतं. त्याने पांढऱ्या पेशी खवळतात, केसाहून बारीक वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटतात आणि तिथे सूज धरते. त्यात दारूनेच पायाच्या नसा बधिर झालेल्या. मग पाचटाने कापलेलं कळत नाही, आणि कळलं तरी जखम लवकर भरत नाही.

"थंडी वाजते म्हणून चपटी लागते," हे कोपीकोपीत ऐकू येतं. दारूने कातडीच्या वाहिन्या फुलतात, म्हणून ऊब वाटते खरी. पण तीच ऊब अंगातून निघून जाते आणि पहाटेच्या फडात माणूस जास्तच गारठतो. मोळ्या वाहून कंबर धरली म्हणून दुखण्याची गोळी आणि वर दारू, हे तर करूच नका. पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

बायांनो, चिडून बाटली फोडू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर हातपाय थरथरतात, फिटही येते. सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीत. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी नंबर फुकट लागतो.

आणि मुकादम मंडळी, उचल देताना कोयत्यांचा हिशेब पाठ असतो तुम्हाला. यंदा टोळी हलवण्याआधी एक दिवस काढा आणि सगळ्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्तदाब, साखर आणि पाय तपासून घ्या. ट्रक एक दिवस उशिरा निघाला तरी ऊस उभाच असतो.