सफाई कामगाराची साखर कोण मोजणार?

नाशिकच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात पहाटे पाचला जा. फरशी पुसणारी मावशी, स्ट्रेचर ओढणारा वॉर्डबॉय, गेटवरचा वॉचमन, सगळे रात्रभर जागलेले. चहा-बिस्कीट, वडापाव, पुन्हा चहा. यांतले किती ठेकेदाराचे आणि ते कोणत्या वस्त्यांतून येतात, हे आम्ही तुम्हाला सांगायला हवे का?

रात्री शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. तोच वडापाव रात्री दोनला खाल्ला की साखर दिवसापेक्षा जास्त चढते. वर्षानुवर्षे हेच चालले की बिघाड सुरू होतो. कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड आणि चांगले कोलेस्टेरॉल, या पाचांपैकी तीन बिघडले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, बाईची ८० ओलांडली की धोका धरतात. मोजायला शिंप्याची टेप पुरते!

वर सल्ला मिळतो: रोज चाला, टेन्शन घेऊ नका. रात्रभर पायांवर असलेल्या बाईला? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले आहे की आपल्याकडची कमी वजनाची बाळे दिसायला काटकुळी, पण वजनाच्या मानाने अंगात चरबी जास्त. आईच्या पोटातल्या कुपोषणाचा धागा पुढच्या मधुमेहापर्यंत जातो. त्यात जातीचा हिशेब आपला आपण मांडायचा आहे. ज्यांच्या आज्यांना शेत आणि पाणवठा नाकारला, त्यांच्या नातवंडांना 'खादाड' म्हणण्याचा अधिकार कोणाला?

बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा विषय पुढे नेला. १९४८ चा ईएसआय कायदा त्याच वाटेवरचा. आज एकवीस हजारांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयमध्ये बसतो. तुमच्या घरातल्या मावशीकडे, काकाकडे ते कार्ड आहे का? आजच विचारा.

तपासणीला कामगार घाबरतो, कारण आजार निघाला तर ठेकेदार घरी बसवेल. म्हणून आमची मागणी अशी: पाचही तपासण्या वर्षातून एकदा, ड्युटीच्या वेळेत, पगार न कापता. रिपोर्ट फक्त कामगाराच्या हातात. रिपोर्टवरून कोणालाही काढायचे नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे, मनुष्यबळ नाही असे कोणी सांगू नये.

जयंतीला आपण रक्तदान शिबिरे घेतोच. येत्या १४ एप्रिलला एक टेबल दवाखान्याच्या गेटवर लावू, रात्रपाळी सुटते त्या वेळेला.