डिमसम चार, डोकी सात!

शनिवारची रात्र. लोअर परळ म्हणा, बीकेसी म्हणा, नाहीतर पुण्याचं कोरेगाव पार्क. मंद उजेड, कोपऱ्यात पितळी बुद्ध, शेजारच्याचं बोलणं ऐकू येणार नाही इतपत म्युझिक आणि हातात पाटीएवढं मेन्यूकार्ड. 'एशियन' या एका शब्दाखाली जपान, चीन, कोरिया, थायलंड आणि ब्रह्मदेश असे सगळे शेजारी अगदी गुण्यागोविंदानं नांदतायत. ऑर्डर घ्यायला आलेला मुलगा गोड हसून सांगतो, "मॅम, आमच्याकडचं सगळं शेअरिंगसाठीच असतं."

इथंच खरी गंमत सुरू होते. कारण डिमसमच्या टोपलीत पीस असतात चार आणि टेबलाभोवती डोकी असतात सात!

मग प्रत्येक ग्रुपमधली ठरलेली पात्रं आपापल्या भूमिकेत शिरतात. एक जण सगळ्यांच्या वतीनं ऑर्डर देतो, "तुम्ही फक्त खा रे!" एक जण प्रत्येक डिशमध्ये ऑयस्टर सॉस आहे का ते विचारतो, कारण तो व्हेज आहे. एक जण शेवटचा पीस कोण उचलतंय यावर डोळा ठेवून असतो. आणि एक जण हळूच म्हणतो, "मला फारशी भूक नाहीये." आज मला या शेवटच्या माणसाबद्दल बोलायचंय.

पण त्याआधी थोडं शेअरिंगबद्दल. मधोमध ठेवलेल्या एकाच डिशमधून सगळ्यांनी खायचं, हे आपल्या पंगतीत कधी नव्हतंच. आपलं पान वेगळं, वाढपी येणार, आग्रह करणार, आणि मध्ये उभा उष्ट्या-खरकट्याचा कडक कायदा. डबे एकमेकांत फिरायचे ते फक्त शाळेतल्या अंगतपंगतीत. चिनी जेवणाची रीत उलटी. भात आपापल्या वाडग्यात, बाकी सगळं मध्यभागी. पण उष्ट्याचा प्रश्न त्यांनाही पडलाच! तोंडात घातलेल्या चॉपस्टिक्स पुन्हा सगळ्यांच्या डिशमध्ये कशा घालायच्या? पेनांगमध्ये जन्मलेले डॉ. वू लिएन-तेह यांनी १९१०-११ मध्ये मांचुरियातली प्लेगची भीषण साथ आटोक्यात आणली होती. याच डॉक्टरांनी १९१५ मध्ये एक साधा उपाय सुचवला. टेबलाच्या मध्यभागी फिरती चकती ठेवा आणि प्रत्येक डिशला वेगळा चमचा द्या. पुढे १९५०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी रेस्तराँमधून ही चकती लोकप्रिय झाली. तिलाच आपण 'लेझी सुझन' म्हणतो.

आपलं लाडकं चिकन मांचुरियन मात्र मांचुरियातलं नाही हं! ते १९७५ मध्ये नेल्सन वाँग यांनी मुंबईतल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिल्यांदा केलं, असं सांगतात. म्हणजे आपल्या टेबलावर मांचुरियाशी खरं नातं असलंच तर ते त्या फिरत्या चकतीचं!

तिथून आपण बरेच पुढे आलो. २००४ मध्ये ताजमध्ये 'वसाबी' आलं, २०१४ मध्ये फोर्टात 'बर्मा बर्मा' आलं, आणि खाऊ स्वे हा शब्द आपण उपम्याच्या सहजतेनं उच्चारायला लागलो. चॉपस्टिक्स जमल्या तर ठीक, नाही जमल्या तर बिनधास्त काटा मागायचा, हेही शिकलो. जेवण शेअर करताना रोग कसा शेअर करायचा नाही, ते डॉ. वूंनी शिकवलं. बिल कसं शेअर करायचं, ते मात्र कुणीच शिकवलं नाही.

कॉलेजात हा प्रश्न नव्हता. तेव्हा टीटीएमएम होतं. 'तू तुझं, मी माझं.' वडापाव तुझा, वडापाव माझा, मिटला विषय. सगळ्यांचे खिसे सारखेच फाटके असल्यामुळे कुणाचा जास्त फाटलाय ते दिसायचं नाही. आता कुणाचं आयटीतलं पॅकेज आहे, कुणी एनजीओत आहे, कुणाचा होमलोनचा हप्ता नुकताच सुरू झालाय, आणि माझ्यासारख्या फ्रीलान्सरच्या लेखाचा चेक लेख छापून आल्यावर तीन महिन्यांनी उगवतो. ग्रुप तोच असतो, पण बिल आलं की कुणीतरी म्हणतंच, "चला, डिव्हाइड बाय सेव्हन!" २०१६ मध्ये यूपीआय आलं, तेव्हापासून तर डेझर्ट संपायच्या आत मोबाइलवर रिक्वेस्ट टुणकन येऊन पडते.

गेल्या डिसेंबरात आमचं असंच झालं. सात जण, बिल १५,४०० रुपये, माणशी २,२००. त्यात चार जणांची कॉकटेल्स होती, एक सुशीचं ताट होतं आणि एक बदक होतं. आमच्यातला कासूचा मित्र ड्रिंक्स घेत नाही. त्यानं दोन व्हेज डिमसम आणि थोडा राइस खाल्ला. "भूक नाहीये" म्हणाला. पैसे मात्र त्यानं सगळ्यांच्या आधी पाठवले.

पुढच्या दोन प्लॅन्सना तो आला नाही. "शनिवारी घरी जातो रे, गाडी चुकते." कारण पटण्यासारखंच होतं. आठवडाभर तो कळंबोलीत रूम शेअर करून राहतो. पनवेल-रोहा मार्गावर गाड्या मोजक्याच. एक चुकली की एसटीच्या मागे धावायचं. सगळ्यांनी 'ओके' म्हटलं, अंगठ्याचे इमोजी टाकले आणि सातचं बुकिंग सहाचं झालं. माणूस भांडून ग्रुप सोडतो तेव्हा निदान कळतं तरी. अशी खुर्ची कमी होते तेव्हा आवाजसुद्धा होत नाही.

जानेवारीत ग्रुपवर त्याचाच मेसेज आला, "शनिवारी सगळ्यांनी कासूला या. पोपटी लावतोय."

कासू म्हटलं की तुम्हाला कदाचित मुंबई-गोवा हायवेच्या रखडलेल्या कामाच्या बातम्या आठवतील. 'पनवेल ते कासू', 'कासू ते इंदापूर' अशा टप्प्यांमध्ये हे नाव बिचारं वर्षानुवर्षं छापून येत होतं. रेल्वेनं गेलात तर पेण सोडल्यावर कासू आणि मग नागोठणे. आणि पोपटी म्हणजे रायगडातली थंडीची पार्टी! भात कापला की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतो. त्याच्या शेंगा भरल्या की डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत रात्री शेताशेतांतून मडकी पेटतात.

मी सवयीनं ग्रुपवर विचारलं, "प्रत्येकी किती काढायचे?"

उत्तर आलं, "पैसे नकोत. यादी टाकतो."

यादी वाचून मी जाम हसले. सगळ्यात तगडं पॅकेज असलेल्याला तीन किलो चिकन. होमलोनवालीला बटाटे आणि रताळी. एका जोडप्याला मिळून दोन डझन अंडी. व्हेज मित्राला स्वतःचं मसाला लावलेलं पनीर. आणि मला? अर्धी वाटी ओवा! शेंगा घरच्या शेतातल्या, मडकी काकूंनी दिलेली, आणि पोपटी लावायची कशी ते सांगायला काका.

संध्याकाळी काकांनी आम्हाला आधी भांबुर्ड्याचा पाला शोधायला पिटाळलं. बांधावर आपोआप उगवणारी, उग्र वासाची ही वनस्पती एरवी कुणी ढुंकूनही बघत नाही, पण पोपटीचा सगळा स्वाद तिच्यात. मडक्याच्या तळाशी पाला, त्यावर मीठ आणि ओवा (माझा!) चोळलेल्या शेंगा, मग बटाटे, रताळी, अंडी, पानात बांधलेल्या चिकनच्या पुड्या आणि वर पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला गच्च दाबून मडकं उपडं घालायचं आणि भोवती गवत, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. आत जे काही शिजतं ते पाल्याच्या आणि शेंगांच्या स्वतःच्या वाफेवर. पनीरवाल्यासाठी शेजारी छोटं मडकं वेगळं लावलं होतं, आणि त्याबद्दल कुणी कुणाला काही समजावून सांगत बसलं नाही.

चीनमध्ये हांगझोऊकडे कमळाच्या पानात गुंडाळून, वर मातीचा लेप देऊन कोंबडी भाजतात. आपल्या शहरातल्या एखाद्या मेन्यूवर ही डिश आली तर आपण लगेच फोटो काढू. इथं पान भांबुर्ड्याचं आणि माती मडक्याची, एवढाच फरक. शेवटी कासूसुद्धा आशियातच आहे की!

पाऊणएक तासानं काकांनी मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. "झाली पोपटी," काका म्हणाले. मडकं फोडून सगळं कागदावर ओतलं आणि आम्ही भोवती बसलो. कुणाचं चिकन, कुणाची अंडी, काही कळायला मार्ग नव्हता. तीन किलो चिकन आणणारा शेंगांवर तुटून पडला होता. अर्धी वाटी ओवा आणणारी मी चिकनच्या दुसऱ्या पुडीवर होते.

शेकोटीपाशी कुणीतरी विचारलंच, "तू हल्ली शनिवारी का येत नाहीस रे?"

तो शेंग सोलत म्हणाला, "यायचं असतं रे मला. तुमच्याबरोबर जेवायला आवडतं. फक्त तुमचं जेवण परवडत नाही." इतकंच. आवाजात राग नव्हता, आणि नंतर लगेच त्यानं पुढच्याला मीठ दिलं.

माझ्या मते सगळं गणित तिथं त्या कागदावर पसरलेलं होतं. रेस्तराँमध्ये आपण वेगवेगळं खातो आणि सारखे पैसे भरतो. पोपटीत प्रत्येकानं आपल्याला झेपेल तेवढं आणलं आणि सगळे सारखं जेवले. पहिल्या प्रकाराला आपण शेअरिंग म्हणतो, पण खरं शेअरिंग दुसऱ्यात आहे.

याचा अर्थ पुढच्या शनिवारी बीकेसीत मडकं पेटवा असा नाही! पण काही गोष्टी कुठेही जमतात. जागा ठरवतानाच माणशी अंदाजे किती होतील ते ग्रुपवर टाका, म्हणजे ज्याला जमत नाही तो आधीच दुसरी जागा सुचवू शकेल. ड्रिंक्सचं बिल वेगळं मागा. दारूवर जीएसटी नसतोच, त्यामुळे तो हिशेब तसाही वेगळाच असतो. सुशीचं ताट ज्यांनी मागवलं त्यांनीच ते भरावं. सात जणांत चारची टोपली येणार असेल तर सरळ दोन टोपल्या सांगा, आठवा पीस भांडायला ठेवा. आणि बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावलाय का ते बघा. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं असा चार्ज सक्तीनं लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं ती मनाई उचलून धरली. चांगल्या सर्व्हिसची टिप मनापासून द्या, पण ती तुम्ही ठरवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ज्याचं पॅकेज तगडं आहे त्यानं अधूनमधून चिकन आणावं, आणि ज्याचा चेक अडकलाय त्याला अर्धी वाटी ओवा आणू द्यावा. तोही गाजावाजा न करता. 'मी भरतो रे तुझे' असं भर टेबलावर म्हटलंत तर ती मदत राहत नाही, समोरच्याच्या घशाखाली घास उतरत नाही. डेझर्ट तुमच्याकडून, कॅब तुमच्याकडून, असं काहीतरी शोधा.

पुढच्या वेळी मेन्यूकार्ड हातात आलं की एक मिनिट खाली ठेवा आणि टेबलावर नजर फिरवा. "मला फारशी भूक नाहीये" असं कोण म्हणतंय ते बघा. आणि मग ऑर्डर द्या.