खुर्च्या नागपूरला, सही मुंबईला?



दरवर्षी हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर मुंबईहून नागपूरला फाइलींचे गठ्ठे निघतात. त्यांच्या मागोमाग मंत्री, सचिव, कक्ष अधिकारी, टंकलेखक, शिपाई, वाहनचालक. दोन आठवडे, कधी त्याहूनही कमी, सरकार नागपुरात असते. मग सगळा लवाजमा आल्या वाटेने परत. यालाच 'विदर्भाला न्याय' म्हणायची पद्धत पडली आहे.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात काय ठरले होते, हे आमच्या तरुणांनी एकदा नीट समजून घ्यावे. सरकार दरवर्षी ठरावीक काळासाठी नागपूरला मुक्काम हलवेल आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तिथे होईल, असे ठरले होते. अधिवेशन उरले, मुक्काम गेला. त्याच करारात शासकीय नोकऱ्यांत प्रत्येक भागाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचेही वचन होते. पुढे संविधानाच्या कलम ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राला राज्याच्या सेवांमध्ये पुरेशी संधी मिळावी म्हणून राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकण्याची तरतूद झाली. तिच्याखाली १९९४ मध्ये विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली आणि प्रस्थापितांपैकी कुणाची झोप उडाली नाही.

आता मुद्द्यावर येऊ. मंत्रालयातले विभाग, महामंडळे, संचालनालये आणि तिथला कर्मचारीवर्ग मुंबईबाहेर न्यावा की नाही, हा वाद अधूनमधून उठतो. त्यात दोनच आवाज ऐकू येतात. एक, 'आमच्या शहराला अमुक कार्यालय द्या' म्हणणारे पुढारी. दुसरा, 'आम्हाला मुंबईतून हलवू नका' म्हणणाऱ्या कर्मचारी संघटना. आमचे म्हणणे या दोघांनाही आवडणार नाही. कार्यालये हललीच पाहिजेत, पण आज ज्या रीतीने ती हलवली जातात, त्या रीतीने हलली तर नुकसान सगळ्यात आधी आपले होईल.

आधी हलली का पाहिजेत ते. सिरोंचाच्या किंवा भामरागडच्या माणसाला मंत्रालय हजार किलोमीटरवर आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा झाला, गाड्या सुसाट धावू लागल्या, पण फाइल काही त्या रस्त्याने धावत नाही. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातले धर्मा पाटील, ऐंशी ओलांडलेले शेतकरी, जमिनीच्या मोबदल्यासाठी फेऱ्या मारून थकले आणि त्यांनी मंत्रालयात विष घेतले. ते वाचले नाहीत. त्यानंतरच्या दिवसांत एका माणसाने मंत्रालयाच्या पाचव्या मजल्यावरून उडी मारून जीव दिला. शासनाने काय केले? इमारतीच्या आत जाळी बांधली. माणूस इथवर का येतो, हे विचारण्यापेक्षा तो पडेल कुठे याची सोय करणे सोपे होते.

आणि नागपूरचे काय? २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशन चालू असताना गोवारी बांधवांचा मोर्चा आला. मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची. चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली, त्यात बाया आणि लेकरे किती होती. या घटनेबद्दल पोलिसांना, मंत्र्यांना, व्यवस्थेला दोष दिला जातो आणि तो दिलाच पाहिजे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे जी कुणी बोलत नाही. सरकार वर्षातून दोन आठवडेच भेटणार असेल, तर विदर्भातल्या प्रत्येक गरजू जमातीला, प्रत्येक कंत्राटी कामगाराला, प्रत्येक अंगणवाडी सेविकेला त्याच दोन आठवड्यांत, त्याच रस्त्यावर उतरावे लागते. ज्या अधिकाऱ्याने निवेदन घेऊन निर्णय द्यायचा, तो वर्षभर नागपुरात बसला असता तर हजारो माणसांना एका दिवशी झिरो माइलकडे यायची वेळ आली असती का?

'आता सगळे ऑनलाइन आहे, कार्यालय कशाला हवे?' असे विचारणारे शहाणे असतात. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेल्या कोणत्याही पोराला विचारा. अर्ज ऑनलाइन जातो, त्रुटी ऑनलाइन येते, आणि ती त्रुटी काढायला मात्र माणूस शोधत फिरावे लागते.

'कर्मचाऱ्यांना एवढ्या लांब कसे पाठवायचे' हा दुसरा आक्षेप. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. तिथे सचिवालय होते, कारकून होते, त्यांची घरे, पोरांच्या शाळा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य मोडले आणि त्या कर्मचाऱ्यांपैकी कुणी भोपाळला गेले, कुणी मुंबईला. तेव्हा अशक्य काहीच नव्हते. मुंबईकडे येणारी गाडी भरून निघते, मुंबईहून सुटणाऱ्या गाडीचीच तेवढी अडचण असते.

बरे, मुंबईबाहेर कार्यालये गेलीच नाहीत असेही नाही. समाजकल्याण आयुक्तालय पुण्यात. शिक्षण, कृषी, सहकार, साखर, भूमिअभिलेख, नोंदणी व मुद्रांक, सगळे पुण्यात. बार्टीसुद्धा पुण्यात. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला, खनिकर्म आणि वनखात्याचे मुख्यालय नागपूरला, हे थोडे अपवाद. मराठवाड्याच्या वाट्याला काय आले ते शोधायला भिंग लागेल. विकेंद्रीकरण म्हणजे दख्खनची राणी पकडून तीन-साडेतीन तासांत मुंबईला पोचता येईल एवढेच अंतर, असा काही नियम आहे का?

त्यातही पुण्यात काय गेले? मनुष्यबळ गेले, सही गेली नाही. आयुक्तालयाने प्रस्ताव करायचा, मंत्रालयातल्या विभागाने तो तपासायचा, वित्त विभागाने शेरा मारायचा. म्हणून बार्टीची अधिछात्रवृत्ती मागणारे आपले संशोधक विद्यार्थी पुण्यात आंदोलन करून भागले नाही, त्यांना आझाद मैदानात येऊन बसावे लागले. संस्था एका शहरात आणि निर्णय दुसऱ्या शहरात, मग विद्यार्थ्याला दोन्हीकडे खेटे. अशी आणखी दहा कार्यालये नांदेड, अकोला, चंद्रपूरला नेली तर खेटे तीन शहरांत होतील. आमची मागणी साधी आहे. ज्या दिवशी टेबल हलेल, त्याच दिवशी त्या टेबलाचे वित्तीय अधिकार शासन निर्णय काढून हलले पाहिजेत. तसे होत नसेल तर टेबल मुंबईतच राहू द्या, निदान भाड्याचा खर्च वाचेल.

बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवरील पुस्तिकेत दिल्लीबरोबर हैदराबाद ही देशाची दुसरी राजधानी असावी असे मांडले होते. दक्षिणेच्या माणसाला दिल्ली परकी आणि दूर वाटते, हे त्यांच्या कारणांपैकी एक. त्याच पुस्तिकेत महाराष्ट्राचे चार भाग सुचवताना मराठवाडा आणि विदर्भ त्यांनी वेगळे धरले. ती विभागणी आज मान्य करा किंवा करू नका, पण सत्तेपासूनचे अंतर हाही अन्याय असतो ही त्यांची जाण नाकारता येत नाही. स्वतःच्या हातात जे होते ते त्यांनी करून दाखवले. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, आणि १९५० ला पुढचे पाऊल औरंगाबादेत टाकले.

इथवर वाचून एखादा मित्र म्हणेल, पण याच बाबासाहेबांनी आम्हाला खेडे सोडून शहराकडे जायला सांगितले ना? हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आपल्या लोकांसाठी मुंबई म्हणजे नुसती नोकरी नव्हती. गिरणी, गोदी, रेल्वे, बीडीडी चाळ, आणि पुढच्या पिढीत मंत्रालयातली कारकुनी. ट्रेनमध्ये शेजारी बसलेला माणूस आडनाव विचारत नाही, ही मुक्ती छोटी नाही. वांद्र्याच्या शासकीय वसाहतीत वाढलेल्या आपल्या पोरीला उद्या एखाद्या तालुक्याच्या गावी सहायक म्हणून पाठवले, तर घरमालक भाडे सांगायच्या आधी काय विचारतो हे आम्हाला माहीत आहे. आमच्यातल्या अनेकांनी 'खोली कालच गेली' हे उत्तर ऐकले आहे, आणि तीच खोली महिनाभर रिकामी पाहिली आहे.

याचा सगळ्यात मोठा दाखला खुद्द बाबासाहेबांचा आहे. १९१७ ला ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. नेमणूक होती, पद होते, परदेशातले शिक्षण होते, राहायला जागा नव्हती. पारशी विश्रामगृहात नाव लपवून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने तिथून हाकलले. ही हकिकत आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण तिच्यातला एक तपशील आपण नीट पाहत नाही. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता, आणि तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फिरत होता. उत्तर येण्याआधी जमाव आला. शंभर वर्षांनंतरही बदलीचा आदेश एका दिवसात निघतो आणि निवासस्थानाची फाइल फिरत राहते.

म्हणून शासकीय निवासस्थानाशिवाय एकाही कर्मचाऱ्याचे स्थलांतर आम्हाला मान्य नाही. बाजारात खोली शोधा, असे सवर्ण कर्मचाऱ्याला सांगणे ही गैरसोय असते. आमच्या कर्मचाऱ्याला सांगणे म्हणजे त्याला जातीच्या तोंडी देणे. वर घरभाडे भत्ताही शहराच्या वर्गाप्रमाणे कमी होतो. मुंबई-पुणे एक्स वर्गात, नागपूर वायमध्ये, तालुक्याची गावे झेडमध्ये. पगारातून कापायचे आणि घरही द्यायचे नाही, हे चालणार नाही. इथे कर्मचारी संघटनांचे दुखणे आणि आमचे दुखणे एक आहे. फरक एवढाच की त्या घराचा प्रश्न पुढे करून कार्यालय अडवतात, आम्हाला घरासकट कार्यालय हवे आहे.

आता सगळ्यात धोक्याची जागा. बिंदुनामावली.

आरक्षण मोजले जाते ते संवर्गातल्या पदांवर. राज्यभराचा शंभर पदांचा संवर्ग असेल तर अनुसूचित जातींच्या १३ टक्क्यांप्रमाणे तेरा जागा निघतात. तोच संवर्ग कार्यालयांबरोबर फोडून सात-सात पदांचे तुकडे केले, तर एका तुकड्यात १३ टक्के म्हणजे एक पदही पूर्ण भरत नाही. मग आळीपाळी आली, आणि आपली पाळी कधी येणार हे ठरवणारा कोण, ते सांगायला नको. तुकडा एका पदापर्यंत आला तर विषयच संपला. १९९८ मध्ये पीजीआय चंदीगडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले आहे की एकाकी पदाला आरक्षण लावता येत नाही.

हे नुसते भय नाही, हा प्रयोग आपल्यावर होऊन गेला आहे. ५ मार्च २०१८ च्या यूजीसीच्या परिपत्रकाने प्राध्यापक भरतीत विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक धरले. तेरा बिंदूंचा तो रोस्टर आठवतो ना? कुठल्याही आरक्षणाला हात न लावता, नुसते मोजायचे भांडे लहान करून जागा गिळल्या जात होत्या. देशभर रस्त्यावर उतरल्यावर २०१९ मध्ये आधी वटहुकूम आणि मग कायदा करून ते मागे घ्यावे लागले. प्राध्यापक बोलू-लिहू शकत होते म्हणून ते कळले तरी. परभणीला हलवलेल्या एखाद्या संचालनालयातली चार लिपिकांची पदे कुठल्या तक्त्यात गेली, हे कोण सांगणार? आणि शिपाई, सफाई कामगार, पहारेकरी ही पदे तर नव्या शहरात जातच नाहीत. जुन्या जागी ती 'अतिरिक्त' ठरतात, नव्या जागी ठेकेदार येतो. ठेकेदाराच्या हजेरीपटावर बिंदुनामावली नसते.

तेव्हा कार्यालय जिथे न्यायचे तिथे न्या, संवर्ग मात्र राज्यस्तरावर एकच राहिला पाहिजे. ही अट शासन निर्णयात लिहून आली पाहिजे. नुसत्या तोंडी आश्वासनावर गप्प बसणाऱ्या आपल्या संघटनांनाही आम्ही जाब विचारू.

आता काम. तुमच्या जिल्ह्यात गेल्या दहा वर्षांत जी जी राज्यस्तरीय किंवा विभागीय कार्यालये आली, त्या प्रत्येकाकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती. स्थलांतरानंतर नवी बिंदुनामावली केली का, आणि ती विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून कोणत्या तारखेला तपासून घेतली. कार्यालयप्रमुखाचे वित्तीय अधिकार किती रकमेपर्यंत. कर्मचाऱ्यांसाठी शासकीय निवासस्थाने किती. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, म्हणून चार प्रश्नांचे चार वेगळे अर्ज करा. प्रत्येकाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा आणि पोच घ्यायला विसरू नका.