रात्रीत गरम पाणी जाते कुठे?

कोल्हापूरच्या जुन्या घरांत तांब्याचा बंब असायचा. पहाटे शेणी आणि ढलप्या घालून तो पेटवायचा, आंघोळी उरकल्या की विझायचा. धूर व्हायचा, पण गरम पाणी कुणी किती घेतले हे साऱ्या घराला ठाऊक असायचे. आता छपरावर सौर बंब आले. जळण वाचले, पण नवी कोडीही आली. अशाच एका कोड्यापायी आमच्या गल्लीतल्या एका घरात महिनाभर धुसफूस चालली होती.

"जयभीम भाऊ, जरा वर येऊन बघता का?" घरचा मुलगा बोलवायला आला. कर्ज काढून १०० लिटरचा सौर बंब बसवलेला. संध्याकाळी पाणी हात भाजेल इतके गरम, आणि पहाटे कोमटसुद्धा नाही. सून दवाखान्यात दुपारपाळीला जाते, रात्री दहाला येऊन आंघोळ करते. सासूबाईंचे म्हणणे, "हिच्या रात्रीच्या आंघोळीनंच पाणी संपतंय." बिचारी ऐन थंडीत गार पाण्याने आंघोळ करू लागली होती.

मी पेशाने कारकून. हिशेब जुळला नाही तर आधी माणसावर संशय घ्यायचा नाही, एकेक नोंद तपासायची, ही आमची सवय. इथे जमा बरोबर होती, कारण संध्याकाळी पाणी गरम होते. चूक रात्रीच्या खर्चात होती. सुनेने दोन बादल्या, म्हणजे ३० लिटर घेतले असे धरू. तेवढेच २५ अंशांचे गार पाणी टाकीत शिरते. ते ६० अंशांच्या ७० लिटरमध्ये पुरते मिसळले, तरी सारे पाणी सुमारे ५० अंश राहते. मग ते कोमटही का राहू नये?

पहिल्या रात्री कुणीच गरम पाणी घेतले नाही. पहाटे पाणी गारच! सून तिथेच निर्दोष सुटली. दुसऱ्या रात्री सौर टाकीतून घरात येणाऱ्या नळीचा व्हॉल्व बंद केला. पहाटे उघडला तर पाणी चांगले कढत. म्हणजे उष्णता टाकीच्या पत्र्यातून जात नव्हती, घरातल्या नळांतून जात होती.

न्हाणीघरात गरम-थंडाचा मिक्सर आणि त्याला बटणाचा हँडशॉवर. सगळेजण फक्त बटण सोडून पाणी थांबवायचे, मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्याच राहायच्या. त्यामुळे गरम आणि गार नळ्या आतून जोडल्या गेल्या. आता पाण्याचा धर्म पाहा. २५ अंशांचे एक लिटर पाणी ९९७ ग्रॅम भरते, ६० अंशांचे ९८३ ग्रॅम. फरक १४ ग्रॅमचाच, पण रात्रभर काम करायला तेवढा पुरतो. वरच्या टाकीतले जड गार पाणी खाली उतरून मिक्सरमधून गरम नळीत शिरायचे, सौर टाकीत चढायचे, आणि तिथले गरम पाणी उलटे वरच्या टाकीकडे ढकलायचे. पंप नाही, आवाज नाही, थेंबाची गळती नाही. पहाटे वरच्या टाकीत हात घातला असता तर चोरी तेव्हाच कळली असती.

थंड देशांत घर उबदार ठेवायला गरम पाणी नळ्यांतून फिरवतात. तिथेही नको त्या खोलीत ऊब जाण्याचे एक कारण हेच असते, आणि उपायही हाच: एकाच दिशेने पाणी सोडणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व. या घरी बसवणाऱ्याने तो घातलाच नव्हता. सौर टाकीत गार पाणी येणाऱ्या नळीवर, कमी दाबाला उघडणारा, बाण सौर टाकीकडे करून बसवा. तोवर चाव्या बंद करण्याला पैसाही लागत नाही. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला विजेची साडेतीन युनिटे लागतात, हे लक्षात असू द्या.

व्हॉल्व बंद ठेवूनही पाणी गार झाले, तर दोष छपरावर शोधा. सपाट काचपेटीच्या बंबात टाकीचा तळ पेटीच्या वरच्या कडेहून फूटभर तरी उंच हवा. नाहीतर रात्री पेटी गार पडते, आणि टाकीतले गरम पाणी तिच्यात उतरून निवते. नळ्यांवरचे आवरण फाटले आहे का, तेही पाहा. मात्र टाकीवरची हवेची उभी नळी कधीही बुजवू नका. ती बंद झाली तर आत दाब साठतो, किंवा पाणी घेताना टाकी चेपते. एका रात्री एकच बदल करा, आणि काय केले ते वहीत लिहा.

आता त्या घरी पहाटेही पाणी गरम असते. सासूबाई माझ्याशी काही बोलल्या नाहीत. पण मुलगा सांगत होता, रात्री दहाला सुनेसाठी गरम पाण्याची बादली त्याच काढून ठेवतात. घरात काही कमी पडले, तर आधी नळ तपासावा. माणसाला बोल लावण्याची घाई करू नये.