बालवर्गाच्या दाराशी दिलेला शब्द

जूनच्या मध्यास शाळा उघडतात, तेव्हा महाड आणि पोलादपूरच्या बाजारपेठांत छत्र्या, रेनकोट, वह्या आणि डबे यांच्या खरेदीची गर्दी असते. व्यापारी कुटुंबांची मात्र या दिवसांत दुहेरी धांदल होते. एकीकडे दुकान, दुसरीकडे घरातील धाकट्याची शाळा. २०२० साली जन्मलेली मुले जून २०२३ मध्ये नर्सरीत आणि पुढच्या वर्षी छोट्या शिशुवर्गात पोहोचली. त्यांच्या मागोमाग २०२१ ची मुले आली. या मुलांविषयी पालकांची एक तक्रार घरोघरी ऐकू येते. मूल घरी हुशार आहे, अक्षरे ओळखते, गाणी म्हणते. पण शाळेच्या दारात आईचा पदर सोडत नाही.

या तक्रारीचा विचार करताना ही मुले कोणत्या काळात जन्मली, हे प्रथम आठवले पाहिजे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडचा किनारा गाठला. २४ ऑगस्टला महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून १६ जणांनी प्राण गमावले. पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, सावित्रीच्या महापुराने महाडची बाजारपेठ बुडवली. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. तान्ह्या बालकांना यांपैकी काहीच आठवत नाही. परंतु मोठ्यांना सर्व आठवते, आणि मोठ्यांच्या चेहऱ्यावरील भय वाचण्यात लहान मुले निष्णात असतात.

व्यापारी घरातील मुलाची पहिली शाळा एरवी दुकानच असते. आजोबांच्या मांडीवर, गल्ल्याशेजारी बसून ते दिवसभरात पन्नास चेहरे पाहते. गिऱ्हाईक येते, दोन शब्द बोलते आणि निघून जाते; हमाल, टेम्पोवाले, शेजारचे दुकानदार गाल ओढून जातात. सायंकाळी दर्शनाला आणि पुढे पाठशाळेत आणखी माणसे भेटतात. या मुलांच्या वाट्याला हे आले नाही. महाराष्ट्रातील धर्मस्थळे मार्च २०२० मध्ये बंद झाली ती १६ नोव्हेंबरला उघडली. २०२१ मध्ये पुन्हा बंद होऊन ७ ऑक्टोबरला खुली झाली. पाहुण्यांचे येणे थांबले होते, आणि बाहेर दिसणारे चेहरेही मुखपट्टीने झाकलेले होते.

आयर्लंडमधील संशोधकांनी फेब्रुवारी ते मे २०२० या काळात जन्मलेल्या बालकांची एक वर्षाच्या वयाची प्रगती आधीच्या बालकांशी ताडून पाहिली. रांगण्यात ही मुले मागे नव्हती. मात्र हात हलवून निरोप घेणारी मुले पूर्वी शंभरांत सुमारे ९४ होती, ती ८८ वर आली. एखादा अर्थपूर्ण शब्द उच्चारणारी ८९ होती, ती ७७ वर आली. अंतर फार मोठे नाही, पण त्याचा अर्थ मोलाचा आहे. टाटा करण्यासाठी घरी कोणीतरी यावे लागते आणि निघूनही जावे लागते. ज्या घरात कोणी आले नाही आणि कोणी गेले नाही, तेथे निरोप घेण्याचा सराव कसा व्हावा? गेलेले माणूस परत येते, हा अनुभवच मुलाच्या गाठीशी कमी पडला. म्हणून शाळेच्या दारातील रडणे हा हट्ट नव्हे आणि बुद्धीची उणीव तर नव्हेच.

या रडण्यावर सर्रास योजला जाणारा उपाय मात्र विचार करण्यासारखा आहे. 'चॉकलेट घेऊन आलेच हं,' असे सांगून आई किंवा वडील मागच्या मागे निघून जातात. त्या दिवसापुरते काम भागते. दुसऱ्या दिवशी मूल पदर अधिक घट्ट धरते, आणि तिसऱ्या दिवशी घरातही आईला नजरेआड होऊ देत नाही. सत्य हे श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी दुसरे. पेढीवर ते जपणारे कुटुंब बालवर्गाच्या दारात ते सहज मोडते, कारण समोरचा ऋणको-धनको अवघा साडेतीन वर्षांचा असतो. वास्तविक पत कशी उभी राहते, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. सांगितलेल्या दिवशी पैसे पोहोचले की पत वाढते. एकदा वायदा चुकला की ती सावरायला वर्षे लागतात. लहान मुलाच्या मनातील खातेवहीही याच नियमाने चालते.

तेव्हा निरोप उघडपणे घ्यावा आणि थोडक्यात घ्यावा. मुलाला घड्याळ कळत नाही. 'डबा खाऊन झाला, गोष्ट ऐकून झाली, की मी दारात उभी असेन,' हे कळते. आणि त्या वेळी खरोखरच दारात असावे. दुकान सोडणे शक्य नसेल, तर आजी किंवा काका येतील हे सकाळीच सांगावे आणि सांगितलेलीच व्यक्ती यावी. पहिले पंधरा दिवस न्यायला पाच मिनिटे आधी पोहोचणे, ही या वर्षातील सर्वांत लाभदायक गुंतवणूक ठरेल.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी हे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांचा मार्ग होता. आजच्या पालकांना त्यातून एवढे घेता येईल, की शाळा सुरू होण्यापूर्वी दोन-तीनदा मुलाला तेथे न्यावे, बाईंची ओळख करून द्यावी आणि वर्गातील एखाद्या मुलाला घरी खेळायला बोलवावे. अनोळखी जागा आधी ओळखीची झाली, की निरोप सोपा होतो.

डब्याचाही प्रश्न असतो. आजवर केवळ आपल्या माणसांत जेवलेले मूल प्रथमच इतरांचे डबे पाहते. कंदमुळे वर्ज्य आहेत हे बाईंना स्पष्ट सांगावे. मुलाला मात्र पापाची भीती घालू नये. 'आपल्या घरी हे खात नाहीत' एवढे त्याच्यासाठी पुरे. डब्यात दोन खाकरे जास्त घातले, तर ते वाटून खाण्यातून मैत्री जडेल.

जुलैत सावित्री आणि गांधारी भरू लागल्या, की महाडकरांच्या छातीत आजही धस्स होते. ही धास्ती मुलांपासून लपत नाही. 'काही होत नाही' या पोकळ आश्वासनापेक्षा खरे सांगणे बरे. पाऊस वाढला तर शाळा लवकर सुटेल, अमुक माणूस न्यायला येईल, तोवर बाईंजवळ थांबायचे. हा शब्दही पाळण्यासाठीच द्यावा.

अक्षरे आणि अंक यांची घाई नको. २९ जुलै २०२० रोजी, ही मुले पाळण्यात असताना, केंद्रीय मंत्रिमंडळाने नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. त्यात तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. शेजारच्या मुलाशी तुलना करण्याइतका हा काळ तुटपुंजा नाही. जैन प्रतीकाखालील सूत्र जीवांनी एकमेकांवर उपकार करावेत असे सांगते. बालकाला तो उपकार माणसांच्या सहवासातून मिळतो, आणि टाळेबंदीने नेमका तोच हिरावला होता. तो परत देण्यास मोबाइल किंवा शिकवणी उपयोगी पडत नाही. सांगितलेल्या वेळी दारात उभे असलेले आपले माणूस उपयोगी पडते.