‘सोबत’ या शब्दाची विटंबना

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, महाराष्ट्र शासनाने कोरोनाचे सर्व निर्बंध उठवले आणि मास्क ‘ऐच्छिक’ झाला. दोन वर्षे सुन्या गेलेल्या शोभायात्रा त्या दिवशी पुन्हा निघाल्या, ढोल वाजले, आणि ते वाजावेत यात आक्षेप घेण्यासारखे काहीही नव्हते. आमचा आक्षेप आहे तो त्यानंतर सुशिक्षित मराठी समाजाने, आणि विशेषतः साहित्य शिकवणाऱ्या आमच्या वर्गाने, जी भाषा बोलायला सुरुवात केली तिच्यावर. या भाषेत माणसांचे दोनच प्रकार उरले. मास्क लावणारा तो भित्रा, न लावणारा तो बेफिकीर. या दोघांच्या मध्ये एक तिसरा समंजस आवाज उमटला: ‘ज्याचे त्याने पाहावे, प्रत्येकाचा दृष्टिकोन वेगळा असतो.’ पहिल्या दोन पक्षांशी भांडता तरी येते. हा तिसरा मात्र भांडणच अशिष्ट ठरवतो, म्हणून आमच्या मते तोच सर्वांत घातक आहे.

हे आता उकरून काढण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, त्यालाही काळ लोटला. कारण साधे आहे. निर्बंध गेले, साथ ओसरली, पण तेव्हा पडलेली भाषेची सवय गेलेली नाही. २०२५ च्या मे-जूनमध्ये रुग्ण काहीसे वाढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा प्राध्यापक-कक्षांतून तेच दोन शिक्के पुन्हा बाहेर निघाले आणि तोच समंजस पंच पुन्हा उभा राहिला. जी भाषा इतक्या सहज परत येते ती तपासणे हे भाषेच्या शिक्षकांचे काम नसेल, तर मग ते कोणाचे?

प्रथम ‘ऐच्छिक’ हा शब्द घेऊ. महाविद्यालयात आयुष्य गेलेल्यांना या शब्दाची ओळख करून देण्याची गरज नाही. विद्यापीठाच्या पुस्तिकेत ऐच्छिक विषयांची लांबलचक यादी असते आणि प्रत्यक्ष महाविद्यालयात त्यांतला एकच शिकवला जातो. विद्यार्थी तो ‘निवडतो’. मास्कची ऐच्छिकताही अशीच होती. ज्याला स्वतंत्र खोली, स्वतःचे वाहन आणि घरबसल्या करता येणारे काम आहे, त्याच्यापुढे खरोखर पर्याय होते. ज्याला विरार किंवा कल्याणहून लोकलच्या डब्यात उभे राहून यायचे होते, त्याच्या एकट्याच्या मास्कने त्याचे रक्षण अर्धेमुर्धेच होणार होते, कारण उरलेले रक्षण शेजारच्या प्रवाशाच्या मास्कवर अवलंबून होते. संसर्ग ही गोष्टच अशी आहे की तिच्यात ‘माझी इच्छा’ माझ्यापाशी थांबत नाही. शासनाने दंड रद्द केला, हे ठीकच झाले. परंतु दंड रद्द होणे आणि जबाबदारी रद्द होणे यांत फरक आहे, आणि तो फरक सांगणारा शब्द आम्ही समाजाला दिला नाही. आम्हीही ‘ऐच्छिक’च म्हणत राहिलो.

तारखांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. मास्क ऐच्छिक झाला २ एप्रिलला. साठीच्या आतल्या सर्वसामान्य प्रौढांसाठी लसीची तिसरी मात्रा उपलब्ध झाली १० एप्रिलला, आणि तीही खासगी केंद्रांत, पैसे मोजून. ती विनामूल्य मिळायला १५ जुलै उजाडावा लागला. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांचे लसीकरण १६ मार्चला नुकतेच सुरू झाले होते आणि त्याहून लहान मुलांसाठी काहीच नव्हते. म्हणजे ‘आता तुमचे तुम्ही पाहा’ असे सांगितले गेले तेव्हा पाहण्याची साधने सर्वांच्या हाती समान नव्हती. अशा वेळी एखादी आई मुलाला मास्क लावून शाळेत पाठवत असेल, तर तिच्या कृतीला भय हे नाव देणे हा निव्वळ आळस आहे. हिशेब हे त्या कृतीचे योग्य नाव आहे.

आता ‘कोरोनासोबत जगायला शिका’ या वाक्याकडे वळू. हे वाक्य इंग्रजीतून आले आणि कोणीही थांबून न पाहता मराठीत वावरू लागले. मराठीत ‘सोबत’ म्हणजे काय? रात्रीच्या वाटेवर निघालेल्या बाईला सोबत देतात. म्हातारी एकटी असेल तर शेजारची पोर रात्री सोबतीला झोपायला जाते. दवाखान्यात जाणाऱ्याला विचारतात, सोबत कोण आहे? आपल्या भाषेत सोबत ही ज्याला गरज आहे त्याला ज्याच्यापाशी बळ आहे त्याने द्यायची वस्तू आहे. त्या शब्दात माणसाने माणसाला दिलेला धीर आहे. आणि आम्ही तो शब्द उचलून एका विषाणूला बहाल केला. ज्यांना खरोखर सोबत हवी होती, त्या वृद्धांना, कर्करुग्णांना, मूत्रपिंड बदललेल्यांना आम्ही सांगितले की तुमच्या सोबतीला विषाणू आहे, त्याच्याबरोबर जगायला शिका. विटंबना म्हणतात ती हीच.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर एक प्रसंग नोंदवतो. आमच्या परिचयातील एका महाविद्यालयात, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या एका सहकाऱ्यांनी २०२२ च्या उन्हाळी परीक्षेत एवढीच विनंती केली की पर्यवेक्षणासाठी खिडक्या उघडणारा वर्ग मिळावा. अशा रुग्णांना शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात आणि लसही त्यांच्यावर कमी प्रभावी ठरते, हे त्यांनी अर्जात लिहिले होते. उत्तर तोंडी मिळाले: ‘सर, आता संपला कोरोना. किती दिवस घाबरणार?’ या उत्तरात क्रौर्य नव्हते, उलट थोडी आपुलकीच होती. उत्तर देणाऱ्यांनी ‘दृष्टिकोना’चा प्रश्न सोडवला होता, औषधांचा, वर्गाचा आणि खिडक्यांचा प्रश्न त्यांना दिसलाच नाही. परिस्थितीला स्वभावाचे नाव दिले की काय होते, याचे याहून नेमके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

परंतु या लेखाचा रोख एकाच बाजूवर ठेवणे अन्यायाचे होईल. ‘बेफिकीर’ हा शिक्काही तितकाच आळशी आहे, आणि तो मारणारे बहुधा आमच्यासारखे पगारदार असतात. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही घरी बसलो, कारण आमचे वेतन घरी येत होते. भाजी, दूध, औषधे दाराशी येत होती, म्हणजे कोणीतरी ती आणत होते. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रेल्वेरुळांवर थकून झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते घराकडे निघाले होते. निर्बंध ही ज्यांच्यासाठी सुरक्षितता होती आणि ज्यांच्यासाठी तीच आपत्ती होती, असे दोन समाज एकाच राज्यात राहत होते. मग निर्बंध उठताच फेरीवाल्याने, घरकामाच्या बाईने, रिक्षावाल्याने मास्क गळ्याखाली ओढला आणि मोकळा श्वास घेतला, तर त्याला बेफिकिरी म्हणण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? मराठीत निर्धास्त, निष्काळजी, बेफिकीर आणि नाइलाज असे चार वेगळे शब्द आहेत. समानार्थी शब्दांच्या प्रश्नात विद्यार्थ्याने ते एकाच ओळीत लिहिले तर आम्ही गुण कापतो. स्वतःच्या बोलण्यात मात्र चौघांना एकाच खुंटीला टांगतो.

विद्यार्थ्यांच्या बाबतीतही हेच घडले. ३१ जानेवारी २०२२ रोजी दहावी-बारावीची मुले ऑनलाइन परीक्षेची मागणी करीत मुंबईत धारावीत रस्त्यावर आली, तेव्हा ‘यांना अभ्यास नको’ हा निकाल तासाभरात लागला. मागणी योग्य होती असे आम्ही म्हणत नाही. दोन वर्षे एका मोबाइलवर तीन भावंडांनी शाळा केली, वर्गात लेखणी धरून तीन तास लिहिण्याचा सराव गेला, ज्यांच्या घरात माणूस दगावला त्यांनी ते कोणाला सांगितलेही नाही. या मुलांच्या मागणीमागे आळसाखेरीज आणखी काय आहे, हे विचारायलाही कोणी थांबले नाही, एवढेच म्हणतो.

आता आमच्या विषयाकडे येऊ. निर्बंध सैल होतानाचा काळ हा साहित्याला अनोळखी नाही. डॅनिअल डीफोने १७२२ मध्ये लंडनच्या १६६५ च्या प्लेगवर जी कादंबरीवजा नोंदवही लिहिली, तिच्या अखेरच्या भागात मृत्यूंचे आकडे उतरताच लोक कसे एकदम मोकाट वागू लागले आणि त्यामुळे टळू शकले असते असे मृत्यू कसे झाले, याचे वर्णन आहे. काम्यूच्या १९४७ च्या ‘ला पेस्त’मध्ये तर हा काळ अधिक बारकाईने येतो. तारू हा साथीशी अखेरपर्यंत झुंजलेला माणूस, पण साथ ओसरत असतानाच जातो. कोतारला साथीच्या काळातच निवांतपणा मिळाला होता. शहर मोकळे होताच तो सैरभैर होतो आणि खिडकीतून गोळ्या झाडू लागतो. गर्दी नाचते आहे, आणि डॉक्टर रिय तिच्या आनंदात सामील होतानाही रोगाचे जंतू नाहीसे होत नाहीत हे विसरत नाही. काम्यू यांपैकी कोणाला भित्रा किंवा बेफिकीर म्हणून हातावेगळा करीत नाही. प्रत्येकाचे वागणे तो त्याच्या आयुष्याच्या आत ठेवून दाखवतो. २०२० साली या कादंबरीचे नाव घेतले नाही असा ऑनलाइन चर्चासत्राचा वक्ता विरळाच असेल. पण तिचे अखेरचे प्रकरण २०२२ साली कोणाला आठवले नाही, जेव्हा त्याची खरी गरज होती.

मराठी स्मृतीचीही हीच गत आहे. प्लेग म्हटले की आम्हांला १८९७ आठवते: रँड, घरझडत्या, २२ जूनची रात्र. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, तेही अलीकडे आठवू लागले आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु दंगली आणि असंतोष यांमुळे सरकारने सक्तीचे उपाय हळूहळू मागे घेतले, त्यानंतरची वर्षे कोणाच्या स्मरणात आहेत? हिंदुस्थानात प्लेगने एका वर्षात सर्वाधिक माणसे मेली ती १९०७ साली, तेरा लाखांच्या आसपास. सक्तीची वर्षे इतिहासात गेली, कारण तिच्यात खलनायक होता, वध होता, फाशी होती. सवयीची वर्षे विस्मरणात गेली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त प्लेगचे दिवस येतात, असे अपवाद आहेत, पण ज्या काळात माणसे प्लेगच्या ‘सोबत जगायला शिकली’ त्या काळाचे चित्र मराठी साहित्यात शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. कोरोनाच्या बाबतीतही आम्ही याच वाटेने चाललो आहोत. टाळेबंदीवर कविता झाल्या. मोकळीकीवर झाल्या नाहीत.

यावर एक आक्षेप येईल: मग काय निर्बंध कायम ठेवायचे होते? मुळीच नाही. ओमायक्रॉनची लाट ओसरली होती, बहुसंख्य प्रौढांचे लसीकरण झाले होते, मुलांची शाळा आणि कष्टकऱ्यांची रोजी यांहून अधिक काळ रोखणे अमानुष ठरले असते. २०२० आणि २०२१ साली पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली, याचा आनंद आम्हांलाही झाला. निर्बंध उठवण्याचा निर्णय योग्य असू शकतो आणि त्याचे समर्थन करणारी भाषा तरीही खोटी असू शकते. आमचे भांडण भाषेशी आहे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे: प्रत्येकाच्या वागण्यामागे परिस्थिती असते असे म्हटले की मग चूक कोणाचीच उरत नाही. तसे नाही. परिस्थिती समजून घेतल्यावरच चूक नेमकी कोणाची ते सांगता येते. ज्याला काही झाले नसते, आणि ज्याने शेजाऱ्यासाठी खिडकीसुद्धा उघडली नाही, तो चुकलाच. शासनाच्या नोंदीनुसार महाराष्ट्रात या साथीत सुमारे १ लाख ४८ हजार माणसे गेली, आणि नोंदीत न आलेली वेगळी. एवढ्या मृत्यूंनंतर ‘ज्याचे त्याने पाहावे’ म्हणणे म्हणजे कोणाचेच न पाहणे होय.

पात्राला त्याच्या परिस्थितीसह वाचावे, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. तो नियम पुस्तकाबाहेर पाळण्याची वेळ आली तेव्हा आमच्या व्यवसायाने दोन शिक्के आणि एक समंजस हुंकार यांवर भागवले. पुढच्या वेळी रुग्ण वाढतील, कोणीतरी मास्क लावून वर्गात येईल आणि मागच्या बाकावरून हसू ऐकू येईल, तेव्हा शिकवणाऱ्याने थांबावे आणि हसणाऱ्यांना ‘सोबत’ या शब्दाचा अर्थ विचारावा. अभ्यासक्रमात त्यासाठी वेगळी मंजुरी लागत नाही.